एआयची एसटी: शब्दांतून पिक्सेल आर्ट कसं बनतं आणि कुठे फसतं

भाच्याला त्याच्या गेमसाठी लाल एसटी हवी होती. तो नववीत आहे आणि सुट्टीत कॉम्प्युटरवर एक छोटा गेम बनवतोय. घाटातून एसटी चालवायची, वाटेत खड्डे, गाई आणि थांबा नसलेल्या जागी हात करणारे प्रवासी. चित्रं मात्र जुन्या व्हिडिओ गेमसारखी हवीत, ठसठशीत चौकोनांची, म्हणजे ज्याला पिक्सेल आर्ट म्हणतात तशी. चित्रकलेच्या नावाने आम्हा दोघांचाही आनंदच. म्हणून चित्र काढून देणाऱ्या एका एआय साधनाला सांगितलं, ‘रेड बस, पिक्सेल आर्ट’. अर्ध्या मिनिटात बस हजर. दोन मजली. लंडनची.

शब्द बदलत बदलत पाचव्या-सहाव्या खेपेला एसटी म्हणता येईल असं काहीतरी आलं. मी खूश. भाच्याने मात्र चित्र मोठं करून पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, हे चौकोन चौकोन नाहीतच गं.”

खरंच नव्हते. काही सात ठिपके रुंद, काही नऊ. खिडकीची कड एका चौकोनाच्या मधूनच गेलेली. चाकाभोवती धुरकट झालर. लाल म्हणून जो रंग दिसत होता तो प्रत्येक चौकोनात जरा वेगळा लाल होता. दुरून डोंगर साजरे, तसला प्रकार. यंत्राने पिक्सेल आर्ट कसं दिसतं याचं चित्र काढून दिलं होतं, पिक्सेल आर्ट काढलंच नव्हतं. हा फरक कुठून येतो हे कळलं की एआयकडून काम कसं करून घ्यायचं तेही कळतं, म्हणून हा लेख.

घरं मोजून काढलेलं चित्र

आधी अस्सल पिक्सेल आर्ट काय ते पाहू. पूर्वी घराच्या दाराला मण्यांचं तोरण असायचं, रुखवतात मण्यांचे मोर असायचे. मोराचा डोळा कुठे येणार हे मणी मोजून ठरायचं. क्रॉस-स्टिचच्या भरतकामातही तेच, चौकटीच्या कागदावरची घरं मोजायची आणि तेवढे टाके घालायचे. पिक्सेल आर्ट ही याच घराण्यातली कला. एक घर, एक रंग. अर्धं घर रंगवता येत नाही, आणि दोन घरांच्या मध्ये काही नसतं.

हे बदामाचं चित्र पाहा. १ म्हणजे भरलेलं घर, ० म्हणजे रिकामं.

०११००११०
११११११११
११११११११
०११११११०
००११११००
०००११०००

एकूण ४८ घरं, त्यातली ३२ भरलेली. वरच्या ओळीतल्या मधल्या दोन शून्यांमुळे बदामाला खाच मिळाली. ती दोन घरं भरून टाका, बदामाचा भोवरा होतो. एवढ्याशा चित्रात एकेका घराला एवढं वजन असतं.

ही कला गरजेतून आली. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम मिळायचे, पिवळी कॅसेट, चालली नाही की फुंकर मारायची. ती यंत्रं बहुतेक करून निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल होती. या यंत्रात चित्रं ८×८ घरांच्या तुकड्यांची बनायची आणि हलणाऱ्या पात्राच्या एका तुकड्यात तीनच रंग वापरता यायचे, चौथा ‘रंग’ म्हणजे पारदर्शक. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समधला छोटा मारिओ असे चार तुकडे जोडून १६×१६ घरांत बसवला आहे. प्रत्येक घराला दोन बिट, म्हणजे अख्खा मारिओ ६४ बाइटमध्ये. आज व्हॉट्सॲपवरचा साधा ‘सुप्रभात’चा फोटो याच्या हजारो पट मोठा असतो.

मारिओची मिशीही या टंचाईची देणगी. १९८१ च्या डॉंकी कॉंग या गेममध्ये तो पहिल्यांदा आला, तेव्हा इतक्या कमी घरांत तोंड दाखवणं अवघड होतं. म्हणून गेमचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी मोठं नाक आणि खाली मिशी दिली. केस नीट दिसेनात, म्हणून टोपी. हात अंगापासून वेगळे कळावेत म्हणून दुरंगी कपडे. पुढे सुपर मारिओ ब्रदर्समध्ये जागा वाचवायला ढग आणि झुडपं एकाच आकाराची ठेवली, फक्त रंग बदलला. लहानपणी शेकडो वेळा पाहूनही आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

गेमच्या बाहेरही हीच शिस्त दिसते. सुझन केअर यांनी ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरसाठी ३२×३२ घरांत चिन्हं बसवली, आणि सुरुवातीचे आराखडे चौकटीच्या कागदावर काढले होते. शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये जपानच्या डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी १७६ इमोजी केले, प्रत्येक १२×१२ घरांत. आज ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत.

तर पिक्सेल आर्ट म्हणजे ठरवलेल्या घरांत, ठरवलेल्या रंगांत, एकेक घर विचार करून भरलेलं चित्र. आता यंत्राकडे वळू.

ओलीच्या डागात दिसणारा हत्ती

पावसाळ्यात जुन्या घराच्या भिंतीला ओल येते. अंथरुणात पडून त्या डागांकडे पाहत राहिलं की कधी घोडा दिसतो, कधी दाढीवाला बाबा. शेजारी पडलेल्या भावंडाने “तो बघ हत्ती” म्हटलं की हत्तीच दिसायला लागतो, सोंडेसकट, आणि मग काही केल्या जात नाही.

शब्दांवरून चित्र काढणारी बरीच साधनं याच चालीवर चालतात. या पद्धतीला डिफ्युजन म्हणतात. यंत्राला शिकवताना अफाट चित्रं आणि त्यांच्याखालची वर्णनं दाखवतात. प्रत्येक चित्रावर थोडी थोडी खर टाकत जातात, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तशी, आणि यंत्राला विचारतात: यातली खर कोणती, ओळख. चुकलं की आतले आकडे किंचित बदलायचे. हे कोट्यवधी वेळा केलं की यंत्र खर ओळखण्यात तरबेज होतं. मग उलटा खेळ सुरू होतो. नुसत्या मुंग्यांनी भरलेली चौकट द्यायची आणि म्हणायचं, ‘यात लाल बस आहे, खर काढ.’ बस नसतेच. यंत्र ओलीच्या डागात हत्ती पाहावा तशी ती पाहतं, थोडी खर पुसतं, पुन्हा पाहतं, पुन्हा पुसतं. साधारण वीस ते पन्नास फेऱ्यांत बस उमटते.

शब्दांचा जोरही यात गमतीने लावलेला असतो. प्रत्येक फेरीत यंत्र दोन अंदाज करतं, एक तुमचे शब्द ऐकून आणि एक न ऐकता. दोघांत जो फरक पडतो तो मुद्दाम काही पट ताणायचा. ‘तो बघ हत्ती’ हे कानात मोठ्याने सांगण्यासारखं. हा ताण किती ठेवायचा त्याचं बटण बऱ्याच साधनांत असतं. फार वाढवलं तर रंग जळाल्यासारखे भडक होतात.

या जातीचं सगळ्यात प्रसिद्ध मॉडेल म्हणजे स्टेबल डिफ्युजन. म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठातल्या गटाच्या संशोधनावर ते उभं राहिलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. आतली रचना उघड असल्याने ते समजून घ्यायला सोयीचं, म्हणून पुढची आकडेमोड त्याच्या पहिल्या आवृत्त्यांची आहे.

त्यात तयार होणारं चित्र ५१२×५१२ ठिपक्यांचं. (यापुढे फाइलमधल्या बारीक पिक्सेलला ठिपका म्हणते आणि आपल्याला डोळ्यांनी दिसणाऱ्या जाड चौकोनाला घर, नाहीतर सगळा गोंधळ होईल.) एवढ्या ठिपक्यांवर थेट काम करायचं तर प्रत्येकी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे धरून ७,८६,४३२ आकडे हाताळावे लागतील. त्याऐवजी चित्र आधी दाबून ६४×६४ च्या आतल्या नकाशात बसवतात, नकाशाच्या प्रत्येक जागी चार आकडे. झाले १६,३८४, म्हणजे ४८ पट कमी. खर पुसण्याचा सगळा खेळ या नकाशावर चालतो आणि शेवटी दुसरं एक यंत्र तो नकाशा पुन्हा फुगवून चित्र करतं.

म्हणजे ढोबळमानाने ८×८ ठिपक्यांचा तुकडा फक्त चार आकड्यांत साठवलेला असतो. त्या चार आकड्यांवरून ६४ ठिपके नेमके कसे होते हे तंतोतंत सांगणं शक्य नाही, ते अंदाजाने भरले जातात. झाडाची पानं, आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, समुद्राच्या लाटा यांत असा अंदाज खपून जातो, कारण पान अर्धा ठिपका इकडेतिकडे झाल्याने कुणाचं काही बिघडत नाही. १६×१६ च्या मारिओत मात्र एक घर सरकलं की डोळा गालावर येतो.

शिकवणीतही घोळ आहे. इंटरनेटवर पिक्सेल आर्टची चित्रं क्वचितच मूळ मापात सापडतात. ३२ घरांचं चित्र स्क्रीनवर नखाएवढं दिसतं, म्हणून लोक ते फुगवून टाकतात, कुणी चारपट, कुणी दहापट, कुणी साडेसहापट. वर ती जेपीजी या दाबून साठवणाऱ्या प्रकारात ठेवतात आणि जेपीजी कडा माखवतं. यंत्राने हेच सगळं पाहिलं. त्यातून ते शिकलं की पिक्सेल आर्ट म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या कडा आणि सपाट रंगांचे ठोकळे असलेला एक ढंग, जसा जलरंग हा ढंग, जसा कोळशाचं रेखाटन हा ढंग. घर नावाची वस्तू त्याच्या गावीही नाही. रंगपेटीही नाही: २४ बिटांच्या चित्रात १,६७,७७,२१६ रंग शक्य असतात आणि त्यातला कुठलाही वापरायला त्याला मोकळीक आहे, मग सोळाच रंगांत ते का राहील?

भाच्याच्या चौकोन नसलेल्या चौकोनांचं मूळ हे एवढंच.

कानात काय सांगायचं

‘३२×३२ पिक्सेल’ किंवा ‘फक्त १६ रंग’ असं लिहिलं की तसं मिळेल, असा माझा भाबडा समज होता. यंत्र तो आकडा मोजमाप म्हणून घेतच नाही. ‘३२×३२’ असं ज्यांच्याखाली लिहिलेलं होतं त्या चित्रांसारखं काहीतरी त्याला सुचतं, इतकंच. तरी शब्द अगदीच वाया जात नाहीत, घरं थोडी जाड होतात.

जे शब्द खरोखर कामाला येतात ते वस्तूबद्दलचे. एकच वस्तू मागा. बाजूने दिसणारी की वरून, ते सांगा. पाठीमागे सपाट एका रंगाची जागा मागा, म्हणजे नंतर कापून काढायला सोपं. सपाट रंग, गडद बाह्यरेषा, सावली कमी. नको असलेल्या गोष्टी सांगायची वेगळी चौकट असेल तर तिथे धूसरपणा, रंगांचं विरघळणं, खऱ्या फोटोचा भास हे लिहा. आमचं एसटीसाठीचं वर्णन शेवटी असं झालं: ‘पिक्सेल आर्ट, इंडियन स्टेट ट्रान्सपोर्ट बस, सिंगल डेकर, साइड व्ह्यू, फ्लॅट फ्रंट, रेड बॉडी, लगेज कॅरिअर ऑन रूफ, फ्लॅट कलर्स, प्लेन बॅकग्राउंड’. नुसत्या ‘रेड बस’ला लंडनची बस येते यात यंत्राचा दोष नाही. जगभरच्या लोकांनी ‘लाल बस’ म्हणून जिचे फोटो चढवलेत ती तीच. आपल्या लाल परीचं वर्णन कुणी एवढ्या संख्येने इंग्रजीत लिहून ठेवलेलं नाही. छपरावरचं कॅरिअर सांगितलं तेव्हा कुठे ती तिकडून इकडे यायला निघाली.

मराठीत का नाही लिहिलं? पहिल्या पिढीच्या मॉडेलांत शब्द समजून घेणारा भाग मुख्यत्वे इंग्रजीवर शिकलेला आहे. तो एका वेळी ७७ तुकडेच वाचतो आणि देवनागरी शब्दांचे त्याच्याकडे फार बारीक तुकडे होतात. ‘तुळस’ या शब्दात त, उकार, ळ, स अशी चार चिन्हं, प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे १२ बाइटचा चुरा. इतकं चावूनही त्याला तुळस कळत नाही ते नाहीच. आता गप्पा मारत चित्र काढून देणारी साधनं आली आहेत, त्यांना मराठी कळतं, कारण तिथे भाषेचं मोठं मॉडेल तुमचं म्हणणं आधी समजून घेतं. तिथे खुशाल मराठीत सांगा. घरांची अडचण मात्र तिथेही सुटलेली नसते.

एक छोटी युक्ती. ज्या मुंग्यांपासून सुरुवात होते त्यांना एक क्रमांक असतो, त्याला सीड म्हणतात. तोच क्रमांक, तेच शब्द आणि त्याच जोडण्या ठेवल्या तर तेच चित्र पुन्हा येतं. बरी बस आली की तो क्रमांक लिहून ठेवा आणि मग एकेकच शब्द बदला. आम्ही ठेवला नाही, आणि सगळ्यात छान कॅरिअरवाली एसटी कायमची गेली.

पिक्सेल आर्टसाठीच शिकवलेली साधनंही आहेत, उदाहरणार्थ रेट्रो डिफ्युजन आणि पिक्सेललॅब. काही जण मोठ्या मॉडेलवर लोरा नावाची छोटी जोड लावतात. पूर्ण मॉडेल नव्याने शिकवणं परवडत नाही, म्हणून मूळ आकडे तसेच ठेवून त्यांच्यावर एक पातळ थर बसवायचा. साडीचं विणकाम न उसवता फॉल लावतो, तसं. मूळ मॉडेल काही जीबीचं असतं, हा फॉल काही एमबीत भागतो. अशा जोडीने घरं बरीच सरळ येतात, तरी शंभर टक्के नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त पटलेला मार्ग वेगळाच आहे. आधी आपणच ६४×६४ घरांत बसेल असा वेडावाकडा लाल खोका काढायचा, दोन काळी चाकं, पाच पांढऱ्या खिडक्या. तो आठपट फुगवून यंत्राला द्यायचा आणि सांगायचं, यावरून एसटी काढ, पण फार दूर जाऊ नकोस. कोऱ्या मुंग्यांऐवजी यंत्र आपल्या खोक्यावर थोडीच खर टाकतं आणि ती पुसतं. मांडणी आपली राहते, बारकावे त्याचे. चित्र किती बदलू द्यायचं ते बटणाने ठरतं. ते आम्ही निम्म्याच्या जरा खाली ठेवलं. निम्म्याच्या वर गेलं की लंडन पुन्हा डोकावायला लागतं.

आणखी एक उलटा रस्ता आहे, गंमत म्हणून करून पाहा. चित्राच्या एआयला सोडा, भाषेच्या एआयला म्हणा, ‘१६ ओळी, प्रत्येकीत १६ आकडे, ० म्हणजे रिकामं, १ म्हणजे काळं, २ म्हणजे लाल, असं मांजर लिहून दे.’ वरच्या बदामासारखं. इथे घरं पक्की, रंग पक्के, कारण आकडाच घर आहे. चित्र मात्र बहुधा आंधळ्याने घातलेल्या रांगोळीसारखं येतं, कारण ओळीने आकडे लिहीत जाणाऱ्याला मांजराचा कान सातव्या ओळीत कुठे पोचला याचा अंदाज राहत नाही. एकाकडे डोळा आहे, शिस्त नाही. दुसऱ्याकडे शिस्त आहे, डोळा नाही.

निवडणं-टिपणं

यंत्राकडून आलेलं चित्र म्हणजे बाजारातून आणलेली मेथी. निवडल्याशिवाय भाजी होत नाही.

पहिलं काम चित्र लहान करण्याचं. ५१२ ठिपक्यांचं चित्र ६४ घरांत आणायचं तर आठाने लहान करायचं. इथे प्रोग्रॅम विचारतो, कोणत्या पद्धतीने? नेहमीच्या पद्धती शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतात. लाल बस आणि काळं चाक यांच्या सीमेवर सरासरी काढली की चॉकलेटी रंग जन्माला येतो, जो कुणी मागितलाच नव्हता. म्हणून ‘निअरेस्ट नेबर’ ही पद्धत निवडायची. ती सरासरीच्या फंदात न पडता प्रत्येक घरातला एक ठिपका उचलते आणि त्याचाच रंग अख्ख्या घराला देते. याहून चांगलं म्हणजे घरातल्या ६४ ठिपक्यांचं मतदान घ्यायचं, ज्या रंगाचं बहुमत तो रंग. काही साधनांत तशी सोय असते.

पण आठाने भागायच्या आधी घर खरोखर आठ ठिपक्यांचं आहे का ते मोजा. आमच्या चित्रात सरासरी घर ७.६ ठिपक्यांचं निघालं. एवढ्याशाने काय होतं असं वाटेल. प्रत्येक घरामागे ०.४ ठिपक्याची तफावत साचत जाते आणि दहावं घर येईपर्यंत आपण त्याच्या पुढच्या घरातून रंग उचलायला लागलेले असतो. दहावं घर गायब. पूर्ण रुंदीत अशी तीन घरं गेली, आणि एक खिडकी बाकीच्यांपेक्षा अरुंद का दिसतेय याचा शोध घेण्यात आमची एक संध्याकाळ गेली. उपाय सोपा होता. आधी सगळं चित्र किंचित ताणून घर आठ ठिपक्यांचं करून घ्यायचं, मग भागायचं.

दुसरं काम रंगांचं. प्रोग्रॅमला सांगायचं, बारा रंग ठेव. तो सगळ्या रंगांचे जवळजवळचे बारा ढीग करतो आणि प्रत्येक ढिगाला त्याच्या मधला एक रंग देतो. किंवा तयार रंगपेटी घ्यायची. पिको-८ या फक्त सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या काल्पनिक गेम-यंत्राची १६ रंगांची पेटी बरीच लोकप्रिय आहे. अख्ख्या गेमसाठी एकच पेटी ठेवली तर गाय, खड्डा आणि एसटी एकाच गावचे वाटतात. रंग कमी करताना ‘डिदरिंग’ नावाची सोय दिसेल. त्यात दोन रंगांचे ठिपके शिंपडून तिसऱ्याचा भास करतात, आणि त्याची फ्लॉइड-स्टाइनबर्ग ही पद्धत १९७६ पासून चालत आलेली आहे. मोठ्या चित्रात ती सुंदर दिसते. चिमुकल्या एसटीवर देवी आल्यासारखी दिसते. बंद ठेवा.

तिसरं काम हाताचं, आणि खरी मजा इथे आहे. एसप्राइट हा या कामाचा लाडका प्रोग्रॅम, फुकट हवा असेल तर ब्राउझरमध्ये चालणारा पिस्केल आहे. चाकापासून सुरुवात करा. आठ घरं उंचीचं गोल चाक ओळीओळीने मोजलं तर भरलेली घरं अशी असायला हवीत: ४, ६, ८, ८, ८, ८, ६, ४. वरून वाचा की खालून, सारखंच. आमच्या पुढच्या चाकाचा हिशेब होता ४, ६, ८, ८, ७, ८, ६, ३. फक्त दोन घरं कमी, पण चाक पंक्चर दिसत होतं. ती दोन भरली आणि बस चालायला लागली, असंच म्हणते मी.

तिरक्या रेषेचंही तसंच. पुढच्या काचेचा उतार दोन-दोन-दोन-दोन घरांच्या पायऱ्यांनी उतरला तर डोळ्याला सरळ वाटतो. दोन, तीन, एक, दोन असा उतरला तर तुटक्या जिन्यासारखा. यंत्र हमखास दुसऱ्या प्रकारचा जिना बांधतं. मग एकटी पडलेली घरं शोधायची, लाल पत्र्यावर मध्येच एक राखाडी घर, ज्याला अर्थ नाही. ती पुसायची. सावली सगळीकडे एकाच बाजूला आहे का पाहायचं. आमच्या एसटीच्या खिडक्यांवर ऊन डावीकडून होतं आणि चाकांवर उजवीकडून. कोकणात दोन सूर्य असतात की काय, असं भाच्याने विचारलं.

झालेलं चित्र पीएनजी म्हणूनच साठवा. जेपीजी ८×८ ठिपक्यांच्या तुकड्यांत चित्र दाबतं आणि कडांना पुन्हा मळ चढवतं. कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की सगळी मेहनत पाण्यात. मोठं करून दाखवायचं तर पूर्ण पटीत मोठं करा, चारपट, आठपट, आणि तेही निअरेस्ट नेबरने.

चालत्या चित्रांबद्दल फार सांगत नाही, कारण तिथे आम्ही हात टेकले. चालणाऱ्या गाईची चार चित्रं मागितली तर चार वेगळ्या गाई येतात, एकीचं शिंगच हरवलेलं. प्रत्येक चित्र नव्या मुंग्यांतून जन्मतं, त्यामुळे आधीच्या गाईची त्याला आठवण नसते. खास साधनं यावर काम करतात आणि बरी चालतात. आम्ही एकच गाय घेतली आणि पाय हाताने हलवले, चार चित्रांत मिळून तीसेक घरं बदलावी लागली.

हक्कांचा विषय टाळता येण्यासारखा नाही. ही मॉडेलं ज्या चित्रांवर शिकली त्यातली असंख्य चित्रं जिवंत कलाकारांची आहेत, त्यांना न विचारता घेतलेली. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत काही चित्रकारांनी स्टॅबिलिटी एआय, मिडजर्नी आणि डेव्हियंटआर्ट या कंपन्यांवर याच कारणाने दावा लावला. स्टीम या गेमच्या बाजारपेठेने जानेवारी २०२४ पासून गेममध्ये एआयने बनवलेलं काही असेल तर तसं जाहीर करायला सांगितलं आहे. भाच्याचा गेम कुठे विकायचा नाहीये, तरी सुरुवातीच्या पाटीवर त्याने लिहिलंय की चित्रांचा पहिला खर्डा एआयचा आणि दुरुस्ती हाताची. एखाद्या हयात कलाकाराचं नाव घालून ‘याच्यासारखं काढ’ असं सांगायचं नाही, हे आमच्या घरात ठरलंय.

शेवटी एसटीवर गावाची पाटी राहिली होती. यंत्राने तिथे काहीतरी किडे-मुंग्या काढल्या होत्या. त्या पुसल्या आणि आपण मराठीत लिहू म्हणून बसलो. पाटीला जागा होती १४ घरं रुंद, ५ घरं उंच. इंग्रजी अक्षर कसंबसं पाच घरांत उभं राहतं. ‘पुणे’ लिहायला मात्र मात्रेला वर दोन घरं, शिरोरेषेला एक, अक्षराच्या अंगाला निदान पाच आणि उकाराला खाली दोन, म्हणजे दहा घरं हवीत. पाटी वाढवली तर ड्रायव्हरची काच जाते. बराच वेळ घासाघीस करून भाच्याने वर पांढरी शिरोरेषा ओढली, तिच्याखाली चार दांड्या लटकवल्या आणि एकीच्या पोटात एक घर भरलं. मी विचारलं, हे कुठलं गाव? तो म्हणाला, “अक्कलकोट. दिसत नाही का तुला?” आता दिसतं.